जयाताईचा मुंगीचा पाठ

‘सर, आता रुमाल काढायचा,’ पहिल्या रांगेतली मुलगी मला हळूच म्हणाली.

माझा हात टेबलावरच्या खोक्यापाशी तसाच थांबला. खोक्यावर रुमाल होता. त्याखाली काय आहे हे वर्गात एकट्या मला ठाऊक असायला हवं होतं, आणि त्याबद्दलचं कोडं तर अजून घालायचंच होतं.

‘अजून नाही,’ मीही हळूच म्हणालो. ‘आधी कोडं आहे.’

‘मग घाला की पटकन. मुंगीच आहे आत.’

वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून तीन खुर्च्यांवर तीन परीक्षक बसले होते. मधल्या मगदूम मॅडमनी चष्मा वर सरकवला. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ थेट पट्ट्यापर्यंत गेला. समोर दुसरीची तीसेक पोरं हाताची घडी घालून बसलेली, आणि पाठ सुरू होऊन जेमतेम एक प्रश्न झालेला.

मी तेव्हा नुकताच बारावी झालो होतो. उंची दाराच्या चौकटीला लागेल अशी, खांदे तालमीत कमावलेले, आणि वर मिशी. आप्पा विट्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. आपला पोरगा पोलीस भरतीत पहिल्या झटक्यात निघणार, हे त्यांनी सगळ्या डेपोला सांगून ठेवलं होतं. आणि पोराच्या डोक्यात काय, तर पहिली-दुसरीला शिकवायचं.

‘पहिलीच्या पोरांस्नी शिकवायला एवढा देह कशाला लागतोय रं?’ आप्पांनी विचारलं होतं. ‘तुला बघून पोरं दप्तर टाकून पळतील.’

पळत नव्हती, हे मला माहीत होतं. माझी थोरली बहीण जयाताई शेजारच्या वाडीवर प्राथमिक शिक्षिका होती. शनिवारी सकाळची शाळा असली की मी तिला गाडीवर सोडायला जायचो आणि उगाचच रेंगाळायचो. पोरं माझ्या दोन्ही हातांना लोंबकळायची. ताई त्यांना गोष्ट सांगायला लागली की हातातून गळून पडायची आणि तिच्याभोवती जाऊन बसायची. हे आपल्याला करता आलं पाहिजे, एवढंच मला वाटायचं. पोलिसाच्या वर्दीनं मला असं कधी वाटलं नाही.

आप्पांना ताईनंच वळवलं. ‘दोन वर्षांत डी.एड. होईल. मी आहे की त्याच्या पाठीशी,’ म्हणाली. विट्यातल्या डी.एड. कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून तिनं माझ्यासाठी शब्दही टाकला. सोमवारपर्यंत जागा धरून ठेवतो, असं त्यांनी कबूल केलं.

आणि तेवढ्यात मी घोळ घातला. सांगलीला जिथं ताई डी.एड. झाली होती, त्याच कॉलेजात लहान मुलांच्या शिक्षकांसाठी चार वर्षांची पदवी निघाल्याचं मला कळलं. पदवी आणि शिक्षकाचं शिक्षण, दोन्ही एकदमच. पहिल्या वर्षापासून शाळेत जाऊन पोरांबरोबर बसायचं, ती कशी शिकतात ते बघायचं. ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना.

‘चार वर्षं?’ ताई म्हणाली. तिचं सासर आमच्याच गल्लीच्या पलीकडे. संध्याकाळी ती आईकडे टेकायला यायची. ‘बाराखडी शिकवायला चार वर्षं? मी दोनच शिकले. माझं काय अडलं?’

तिचं कुठंच अडलं नव्हतं. जिच्यामुळे मला मास्तर व्हावंसं वाटलं, तिलाच ‘तुझ्याएवढं शिकून मला पुरायचं नाही’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? ती चिडली असती तर परवडलं असतं. पण ती दुखावली होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

शेवटी तिनंच तोड काढली. ‘सांगलीला निवडीसाठी जाऊन ये. त्यांनी घेतलं तर बघू. नाही घेतलं तर सोमवारी मुकाट्यानं विट्याला प्रवेश घ्यायचा. आणि जातोयस तर माझं नाव घालवून येऊ नको. माझा मुंगीचा पाठ घेऊन जा.’

मुंगीचा पाठ ही आमच्या घरची कुळकथा होती. आठ वर्षांपूर्वी शेवटच्या परीक्षेला ताईनं तो घेतला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उठून टाळ्या वाजवल्या आणि ती कॉलेजात पहिली आली. पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की चहाच्या आधी त्याला हे ऐकावं लागायचं. निवडीच्या दिवशी प्रत्येकानं खऱ्या वर्गावर वीस मिनिटं घ्यायची होती. तेव्हा आठवडाभर ताईनं मला अंगणात उभं करून तो पाठ घोटून घेतला. प्रास्ताविक, म्हणजे पोरांकडून विषय काढून घेणारे प्रश्न. मग हेतुकथन, म्हणजे ‘चला, आज आपण मुंगीताईच्या घरी जाऊ या.’ मग कोडं, रुमाल, खोकं, गाणं, अभिनय. विद्यार्थी म्हणून आप्पांना बसवलं होतं.

‘मुलांनो, साखरेच्या डब्यापाशी गुपचूप कोण येतं?’ मी विचारलं.

‘तुझी आई,’ आप्पा म्हणाले.

ताईनं त्यांना वर्गातून काढून टाकलं.

तर असा तयार होऊन मी सांगलीच्या त्या वर्गात उभा होतो आणि पहिल्या रांगेतली मुलगी मला पुढचं सांगत होती. तिचं नाव इकरा. इकरा मुजावर. दोन घट्ट वेण्या, पुढचे दोन दात पडलेले, आणि चेहऱ्यावर मुख्याध्यापकाचा भाव.

‘तुला कसं कळलं मुंगी आहे ते?’ मी विचारलं.

‘सगळे ताई-दादा हाच घेतात,’ ती म्हणाली. ‘मुंगी, नाहीतर फुलपाखरू. फुलपाखरू असलं तर खोकं नसतं, पिशवी असते.’

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ही कॉलेजची सरावाची शाळा होती. शिकाऊ शिक्षक वर्षभर इथंच पाठ घ्यायला येणार. ताईचा पाठ गाजला, कॉलेजनं तो आदर्श म्हणून दाखवायला सुरुवात केली आणि पुढच्या प्रत्येक तुकडीनं तोच उचलला. ह्या पोरांनी मुंगी इतक्या वेळा बघितली होती की मुंगीलाच त्यांचा कंटाळा आला असेल.

तरी मी नेटानं कोडं घातलं. अर्ध्यावर असतानाच वर्गानं उत्तर दिलं. रुमाल काढला, तर पोरांनी अगदी शिस्तीत ‘अय्याऽऽ’ केलं. गाण्याची पहिली ओळ मी तोंडातून काढतोय न काढतोय, तोच सगळा वर्ग उठून उभा राहिला.

‘मुंगीबाई, मुंगीबाई, जाता कुठं?
दाणा घेऊन जाते मी, घर माझं जिथं!’

चाल ताईचीच. हातवारे ताईचेच. आणि गाणं संपल्यावर डोक्यावरचा खोटा दाणा खाली ठेवून, कमरेवर हात घेऊन पोरं एका सुरात म्हणाली, ‘हुश्श!’

ते ‘हुश्श’ मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ताई नळावरून घागर आणून खाली ठेवायची, तेव्हा नेमकी अशीच मान वाकडी करून म्हणायची. ह्या पोरांनी तिला जन्मात बघितलं नव्हतं आणि तीसच्या तीस पोरं माझी बहीण होऊन उभी होती. मला हसू आलं.

‘आता काय शिकलो ते विचारायचं,’ इकरानं आठवण केली. ‘मग घरचा अभ्यास द्यायचा. मग मागचे सर टाळ्या वाजवतात, मग तुम्ही जायचं.’

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. माझी निम्मी मिनिटं शिल्लक होती आणि माझ्याकडचं सगळं संपलं होतं. तालमीत समोरच्यानं पाठीवर पाडलं की निदान उठून घरी तरी जाता येतं. इथं तीही सोय नव्हती. मी सरळ फरशीवर मांडी घालून बसलो.

पोरं माना उंचावून बघायला लागली. पाठ घ्यायला आलेला माणूस खाली बसतो, हे त्यांना नवीन होतं.

‘माझं संपलं,’ मी म्हणालो. ‘तुम्हाला सगळंच येतंय. आता तुम्हीच मला काहीतरी विचारा.’

‘प्रश्न तुम्ही विचारायचे असतात,’ इकरा म्हणाली.

‘माझेही प्रश्न संपले.’

मग मागून एका पोरानं हात वर केला. ‘सर, तुमची मिशी खरी आहे?’

‘ओढून बघ.’

तो आला आणि ओढून गेला. खरी निघाली. मग बांध फुटला. मी पैलवान आहे का, भाकरी किती खातो, माझे बूट किती नंबरचे, मला आई मारते का. उत्तरं देता देता माझ्या जिवात जीव आला. पोरं सरकत सरकत माझ्याभोवती येऊन बसली. हाताच्या घड्या कधी सुटल्या ते त्यांनाही कळलं नाही.

आणि मग इकरानं विचारलं, ‘सर, मुंगी झोपते का?’

मी आठवलं. ताईच्या पाठात मुंगी चालायची, ओझं उचलायची, रांगेत राहायची, कधी भांडायची नाही. झोपायची मात्र नाही.

‘मला ठाऊक नाही,’ मी म्हणालो.

मागची एक खुर्ची करकरली.

‘सरांना माहीत नाही,’ एकानं दुसऱ्याला सांगितलं. त्याच्या आवाजात निव्वळ आनंद होता.

‘झोपत नाही. मी रात्री पाणी प्यायला उठतो तेव्हा पण चालत असते.’

‘ती दुसरी असेल. पहिली झोपली असेल.’

‘तिला डोळे मिटायला पापण्या असतात का पण?’

‘बघायचं का?’ मी म्हणालो.

पुढं काय झालं ते मला नीटसं आठवत नाही, कारण मी परीक्षेला आलोय हेच विसरलो. शाळेमागं कडुलिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग होती. तीस पोरं पोटावर पालथी पडली आणि त्यांच्यामध्ये मी, एवढा मोठा देह घेऊन. कुणीतरी खिशातला चुरमुरा टाकला. एक मुंगी बराच वेळ हलेना. ती झोपली, असा एका बाजूनं कल्ला केला. ती विचार करतेय, असं दुसऱ्या बाजूनं ठणकावलं. इकरानं तिच्यावर हळूच फुंकर मारली आणि मुंगी चालू लागली. ‘तू उठवलीस तिला!’ म्हणून इकराला सगळ्यांनी धारेवर धरलं. घंटा झाली तरी निकाल लागला नव्हता.

‘उद्या येणार का?’ इकरानं विचारलं. ‘उद्या सकाळी लवकर बघू. झोपेतून उठायच्या आधी.’

‘उद्या रविवार आहे.’

‘मग परवा.’

वर बघितलं तर मगदूम मॅडम साडीचा पदर सावरत आमच्या मागं उभ्या होत्या. किती वेळापासून, कोण जाणे. माझ्या शर्टाला माती लागली होती आणि मिशीत बहुतेक चुरमुरा होता.

व्हरांड्यात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘शिक्षक दोन वर्षांतही होता येतं. तुम्हाला चार कशाला हवीत?’

याचं उत्तर मी पाठ करून गेलो होतो. त्यात ‘सर्वांगीण विकास’ हा शब्द दोनदा होता. पण तोंडातून भलतंच निघालं. ‘माझा पाठ निम्म्या वेळात संपला, मॅडम. मग पुढं काय करायचं ते मला येत नव्हतं. आज पोरांनी सांभाळून घेतलं. रोज कोण घेणार? ते शिकायला यायचंय.’

‘पाठ कुणाकडून आणलात?’

‘बहिणीकडून. जयमाला. आठ वर्षांपूर्वी इथंच होती.’

मॅडमनी चष्माच काढला. ‘तुम्ही जयमालाचे भाऊ? अहो, तिनं तो पहिल्यांदा घेतला तेव्हा मी त्याच मधल्या खुर्चीवर होते. खोक्यात काय असेल म्हणून पोरं घाबरून मागं सरकली होती. काय पाठ होता तो! आम्हीच त्याची माती केली, दरवर्षी सगळ्यांना तोच करायला लावून.’ मग त्यांनी चष्मा परत घातला. ‘तिला माझा नमस्कार सांगा. निवडीचं सोमवारी फोन करून कळवू.’

विट्याच्या स्टँडवर ताई स्कूटी घेऊन थांबली होती. माझ्याआधी तिचं लक्ष माझ्या शर्टाकडे गेलं. ‘कुस्ती झाली का काय? पाठ कसा झाला?’

‘छान झाला. पोरांना फार आवडतो तो.’

‘सगळा घेतलास?’

‘पोरांनीच घेतला.’

रसवंतीच्या बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं. फुलपाखराच्या पिशवीला ती हसली. मिशी ओढल्याचं सांगितलं तेव्हा तर तिच्या नाकातून रस आला. मग तिनं विचारलं, ‘गाणं पण येतंय त्यांना?’

‘चालीसकट. शेवटचं हुश्शसुद्धा.’

तिचं हसू हळूहळू मावळलं. मी घाईघाईनं मगदूम मॅडमचा नमस्कार सांगितला, त्या काय म्हणाल्या तेही सांगितलं. ताईनं ग्लास खाली ठेवला.

‘सरकली होती मागं पोरं,’ ती म्हणाली. ‘बरोबर सांगतायत त्या. एक तर रडायलाच लागलं होतं.’ आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, ‘मी अजून घेते रे तो. दरवर्षी.’

रस संपवून आम्ही निघालो. तिनं मला घरासमोर सोडलं आणि आत न येता निघून गेली. रविवारी ती आमच्याकडे फिरकलीच नाही. आईनं दोनदा विचारलं, ‘काय बोललास का तिला?’ मी नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. तरीही दिवसभर मला चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

सोमवारी सकाळी सांगलीचा फोन आला. माझी निवड झाली होती.

आप्पा डबा घेऊन डेपोला निघाले होते. ‘दोनाचं घ्यायचं का चाराचं, ते तू आन तुझी बहीण ठरवा,’ ते म्हणाले. ‘मला म्हाईत हाय त्ये एवढंच, तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर मी तुला घरात घ्यायचा न्हाई.’

मी खूप विचार केला, म्हणजे एका चहापुरता. मग कपडे करून विट्याच्या डी.एड. कॉलेजकडे चालू लागलो. तसं वाईट काही नव्हतं त्यात. ताई असंच दोन वर्षं शिकून ताई झाली होती. मीही झालो असतो काहीतरी. छातीवर दगड ठेवला होता खरा, पण पायांनी रस्ता सोडला नाही. मी कॉलेजच्या दारात पोचलो आणि खिशातला फोन वाजला.

‘कुठं आहेस?’ ताई. मागं पोरांचा गलका होता. मधली सुट्टी असावी.

‘कॉलेजच्या दारात. प्रवेश घ्यायला आलोय.’

‘सांगलीच्या?’

‘विट्याच्या.’

‘सांगलीची निवड झाली ना? आईनं मघाशी फोनवर सांगितलं.’

‘झाली.’

‘मग तिथं काय करतोयस, गाढवा?’

‘तुझं दोन वर्षांत अडलं नाही,’ मी म्हणालो. ‘माझंही अडायचं नाही.’

ताई एकदम म्हणाली, ‘आज मी पण खाली बसले. वर्गात. पोरांना म्हटलं, तुम्ही मला विचारा काहीतरी.’

‘मग?’

‘कुणी विचारलं नाही रे. हाताची घडी घालून नुसती बघत बसली. ती घडी मीच घालायला शिकवलीय. मला वाटलं, आता उठावं आणि पाढे घ्यावेत. तेवढ्यात एक एवढीशी पोरगी उठली. वर्षभर माझ्या वर्गात आहे ती. आणि विचारते काय, तर “बाई, तुमचं नाव काय?”’

मला वाटलं ताई रडतेय. नीट ऐकलं तर हसत होती. मग वाटलं, दोन्ही चाललंय.

‘सांगितलंस का मग?’

‘सांगितलं की. मग जे सुटले ते सुटलेच! घंटा कधी झाली कळलं नाही. सुट्टीत डबा खायला कुणी जाईना. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत, संग्राम. निम्म्या!’ एवढ्या खुशीत मी तिला पहिली आल्याचं सांगतानाही कधी ऐकलं नव्हतं. ‘आणि ऐक, आत जाऊ नकोस. मी मघाशीच प्राचार्यांना फोन केलाय. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलंय.’

‘कारण काय सांगितलंस?’

‘खरं तेच. म्हटलं, आमच्या पोराला अजून काहीच येत नाही. दोन वर्षांत भागायचं नाही त्याचं.’

तिच्याकडे सुट्टी संपल्याची घंटा वाजली. कुणीतरी ‘जयमालाबाई, चला की!’ म्हणून ओरडलं. ‘आले आले,’ ती म्हणाली, आणि मग मला, ‘दर रविवारी घरी यायचं. आठवड्यात जे शिकशील, ते सगळं मला शिकवायचं. माझी दोन वर्षं राहिलीत.’